बरे करणे आणि बरे होणे

परंड्याकडचा अथवा भूमकडचा एखादा वृद्ध शेतकरी आपल्या दुखण्याची हकीकत सांगू लागला, म्हणजे ती बहुधा गावांच्या नावांनी पुढे सरकते: आधी गावातलेच औषध केले, मग बार्शी केली, बार्शीने गुण आला नाही म्हणून सोलापूर केले, आणि तेथेही डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा जमिनीचा तुकडा गहाण टाकून पुणेही करून पाहिले. या निवेदनात डॉक्टर कोण होता आणि त्याने नेमके काय केले, याचा उल्लेख क्वचितच असतो. कर्ता म्हणजे रोगी व त्याचे घर, कर्म म्हणजे दवाखान्याचे गाव, आणि क्रियापद आरंभापासून अखेरपर्यंत एकच, ‘करणे’. तीच हकीकत रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजीत उतरते तेव्हा मात्र व्याकरणाची सारी उलथापालथ होते. आता रोगी कर्माच्या जागी जाऊन बसतो. त्याला दाखल केले गेले, तपासले गेले, अमुक औषध दिले गेले, वरच्या रुग्णालयाकडे पाठविले गेले, अशी निरनिराळ्या क्रियापदांची एक रांग त्याच्यावरून चालत जाते. एकाच आजाराच्या या दोन कैफियती एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या, तर इंग्रजी वैद्यकाची क्रियापदे धाराशिव जिल्ह्यासारख्या आडवळणाच्या मुलखात कशी आली, कोणाच्या हातून आली आणि कोठे येऊन थबकली, याचा बराचसा उलगडा होतो.

मराठीला दुखण्याच्या क्रियापदांचे दारिद्र्य मुळीच नाही. डोळे येतात, तोंड येते, घसा बसतो, कान फुटतो, पाठ धरते, मान अवघडते, पायात गोळा येतो, पोटात मुरडा मारतो, अंग मोडून येते. आणि परतीच्या वाटेवर ताप उतरतो, सूज ओसरते, जखम भरते, खपली धरते, हाड सांधते, औषध लागू पडते व अखेरीस गुण येतो. या साऱ्या वाक्यांत कर्तेपण अवयवाकडे, रोगाकडे किंवा औषधाकडे आहे, आणि ज्याला हे सर्व घडते तो मनुष्य ‘त्याला’ या चतुर्थीत बाजूला उभा आहे. वैद्याला यात स्थान नाही असे नव्हे. पण ते त्याच्या कृतीला नसून हाताला आहे. ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ असे म्हणताना बोलणारा त्या हाताने काय केले हे विचारीत नाही, तो हात दैववान आहे एवढेच नोंदवून मोकळा होतो.

इंग्रजीने हे काम तीनचार क्रियापदांत वाटून दिले आहे, आणि ती वाटणी मार्मिक आहे. ‘ट्रीट’ हे क्रियापद लॅटिनमधील हाताळणे या अर्थाच्या धातूपासून आलेले. त्यात प्रयत्न आहे, फळाची हमी नाही, म्हणून डॉक्टरने रोग्याला ट्रीट केले तरी तो रोगी दगावला, असे वाक्य निर्दोष ठरते. ‘क्युअर’ म्हटले की फळ आलेच पाहिजे. ‘हील’ हे अस्सल जुने इंग्रजी क्रियापद अखंड, संपूर्ण या अर्थाच्या शब्दाचे भावंड असून ते सकर्मकही चालते आणि अकर्मकही, म्हणजे वैद्य जखम हील करतो आणि जखम आपली आपणही हील होते. आपल्या ‘भरणे’ला सर्वांत जवळचे तेच. ‘केअर’चा आणि ‘क्युअर’चा तोंडवळा सारखा दिसला तरी त्यांचे रक्ताचे नाते नाही: क्युअरच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ काळजी, तर केअर हा जर्मानिक कुळातला, मूळचा शोक व चिंता सांगणारा शब्द. आपण यांपैकी ट्रीटला ‘उपचार करणे’ हा पर्याय दिला. तो फार चांगला पर्याय आहे, कारण उपचार म्हणजे मुळात जवळ जाणे, सेवेस हजर होणे. तुळजापूरच्या मंदिरात भवानीची षोडशोपचार पूजा होते ती याच अर्थाने. प्रयत्न आहे व फळाची हमी नाही, हा ट्रीटचा गुणही त्यात शाबूत राहिला आहे.

परंतु इंग्रजीची पाळी येण्यापूर्वी या जिल्ह्यात दुसऱ्याच एका भाषेचा अंमल होता. १८५३च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआब यांबरोबर धाराशिवचा मुलूख, म्हणजे तेव्हाचा नळदुर्ग जिल्हा, कंपनी सरकारच्या ताब्यात गेला, आणि ‘ठगाची जबानी’ लिहिणारा मेडोज टेलर काही वर्षे तेथील कारभार पाहत होता. पण १८६०मध्ये तो मुलूख निजामाकडे परत आला व १९४८च्या सप्टेंबरपर्यंत तेथेच राहिला. हैदराबादच्या दफ्तराची भाषा १८८४पर्यंत फारसी आणि त्यानंतर उर्दू. हैदराबादेत १८४६मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकविले जाई, आणि १९१८मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर स्वतंत्र भाषांतर विभाग काढून उच्च शिक्षणाच्या साऱ्या शाखा उर्दूत आणण्याचा घाट घातला. सरकारी दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या मराठी रोग्याला म्हणूनच आधी उर्दूची ओळख झाली, इंग्रजीची नंतर. अर्थात फारसी शब्दांना निजामाच्या परवान्याची गरज नव्हती. आजार, आराम, जखम, मलम, दवा, इलाज, तब्येत, जुलाब ही मंडळी त्यापूर्वीच कितीतरी पिढ्या मराठीच्या घरात नांदत होती, आणि आज त्यांना परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: ही सगळी नामे आहेत. फारसीने आपल्याला आजाराच्या वस्तू दिल्या, क्रिया मात्र आपण आपल्या घरच्या ‘करणे’, ‘देणे’, ‘पडणे’ यांवरच भागविली. पुढे इंग्रजीचेही तेच झाले. तिची क्रियापदे मराठीच्या उंबरठ्यावर आपले प्रत्यय उतरवून नामे होऊन आत आली, आणि ॲडमिट, चेक, ड्रेसिंग, रेफर यांच्या पाठीशी ‘करणे’ नाही तर ‘होणे’ उभे राहिले.

निजामी अमलाची एक हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती एका सुंदर मराठी क्रियापदाशी जाऊन भिडते. शस्त्रक्रियेपूर्वी संज्ञा हरपविण्याच्या क्रियेला मराठीत ‘भूल देणे’ म्हणतात. चकवा, मोहिनी, विस्मरण या सगळ्या छटा त्या दोन अक्षरांत आहेत. ही भूल क्लोरोफॉर्मने देताना माणूस मरतो तो श्वास थांबल्यामुळे की हृदय थांबल्यामुळे, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी हैदराबादेतील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने व निजामाच्या खजिन्यातून १८८८ व १८८९ साली दोन आयोग बसले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि श्वासावर नजर ठेवली म्हणजे भीती नाही असा निर्वाळा देण्यात आला. पुढे १९११च्या सुमारास इंग्लंडातील लेव्ही यांच्या संशोधनाने तो निर्वाळा खोटा पाडला. क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडूनही मृत्यू येतो हे सिद्ध झाले. भूल देणाऱ्यांचीच भूल झाली, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही. त्या काळात हैदराबादेत भूल देण्याचे काम करणाऱ्यांत रूपाबाई फर्दुनजी नावाची एक पारशी स्त्री होती, आणि जगातील आरंभीच्या भूलतज्ज्ञ स्त्रियांत तिची गणना होते.

दूरच्या राजधानीतल्या भुलीपेक्षा खेड्यातल्या माणसाला आधी भेटली ती टोचण्याची क्रिया. इंग्रजीत तिच्यासाठी दोन क्रियापदे आहेत. ‘इनॉक्युलेट’च्या पोटात डोळा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि हा डोळा माणसाचा नसून झाडाचा, म्हणजे कलम करताना खोडाच्या सालीत बसवितात तो, आपले बागाइतदारही या कामाला ‘डोळा भरणे’च म्हणतात, हा योगायोग मोठा रम्य आहे. ‘व्हॅक्सिनेट’च्या पोटात गाय आहे, कारण १७९६मध्ये जेन्नरने गाईच्या देवीची लस माणसाला टोचली. ती लस बगदाद व बसऱ्याच्या मार्गाने, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत राखीत मुंबईस पोहोचली आणि १८०२च्या जून महिन्यात ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातले ते पहिले लसीकरण. मराठीने या क्रियेला गाय आणि डोळा दोन्ही नाकारून आपला स्वतःचा शब्द दिला: ‘देवी काढणे’. रोग येतो तेव्हा ‘देवी येतात’, अंगात वारे येते तेव्हाही ‘देवी येते’, आणि सरकारी माणूस दंडावर चरे पाडतो तेव्हा ‘देवी काढतात’. तुळजाभवानीच्या जिल्ह्यात हे वाक्य उच्चारताना कोणाची जीभ अडखळली नाही, आणि ‘देवीचा डॉक्टर’ ही पदवी तर इतकी रुळली की ती ऐकून परप्रांतीयाने तो पुजारी समजावा. १९७५च्या मे महिन्यात भारतात देवीचा अखेरचा रोगी आढळला आणि १९८०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साऱ्या पृथ्वीवरून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले; क्रियापद मात्र दंडावरच्या वणाबरोबर अजून जुन्या पिढीच्या तोंडी आहे.

सुई आणि सलाईन यांची गोष्ट याच्या उलट आहे. कळंबच्या अथवा उमरग्याच्या बाजारादिवशी दवाखान्यात बसलेल्या गर्दीकडे कान दिला, तर ‘गोळ्या नकोत, सुई मारा’ आणि ‘अशक्तपणा लई हाय, एक बाटली लावा’ या दोन मागण्या हमखास ऐकू येतात. बाटली खुंटीवर उंच टांगलेली असते, द्राव थेंब थेंब खाली उतरत असतो, तरीही मराठी माणूस सलाईन ‘चढवतो’. कारण ताप चढतो, नशा चढते, अंगावर मूठभर मांस चढते, त्याच रीतीने शक्तीही चढतेच, अशी त्याची श्रद्धा. वस्तुतः जुलाबाने शोष पडलेल्या बहुतेक रोग्यांना, विशेषतः लेकरांना, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी पुरते. आतड्यात साखरेबरोबर मीठ शोषले जाते आणि मिठापाठोपाठ पाणी, ही त्यातली युक्ती. १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती हजारो पटकीग्रस्तांवर यशस्वी करून दाखविली, आणि मराठीने तिला ‘जलसंजीवनी’ असे भारदस्त नाव दिले. पण क्रियापदाने घात केला. जलसंजीवनी ‘पाजावी’ लागते, आणि पाजणे हे आईचे काम. त्यासाठी फी कोण देणार आणि कोण घेणार? ‘चढवणे’ या क्रियापदाला जी प्रतिष्ठा आहे ती ‘पाजणे’ला नाही, आणि माझ्या मते आपल्या खेड्यांतील कितीतरी निष्कारण सलाईनचे मूळ या दर्जाभेदात आहे.

ॲडमिट, ऑपरेशन, डिस्चार्ज यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ऑपरेशन हा शब्द कुटुंबनियोजनाच्या मोहिमांनी असा व्यापून टाकला की ‘ऑपरेशन झालंय का’ या प्रश्नात कोणते, हे वेगळे विचारण्याची गरज उरली नाही. ‘रेफर करणे’ हे मात्र या जिल्ह्यात भूगोलाचे क्रियापद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सरकारी उतरंड कागदावर असली, तरी रोग्याच्या नातेवाइकाला रेफर या शब्दाचा अर्थ एवढाच ठाऊक की आता गाडी सोलापूरच्या रस्त्याला लावायची. आणखी एक शब्द येथे भूकंपाने रुजविला. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात या जिल्ह्यातले सास्तूर आणि भोवतालची गावे, दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचे जड माळवद अशा घरांसह, झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या आपत्तीतून सास्तूरला स्पर्श रुग्णालय उभे राहिले, आणि ‘पुनर्वसन’ हा वैद्यकातलाही शब्द त्या टापूत कायमचा घरांच्या अर्थाने रुजला. मोडलेल्या अंगाच्या रोग्याला पुनरपि चालतेफिरते करणे हेही इंग्रजीतले तेच क्रियापद. पण लोहारा तालुक्यात तो शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरळ रस्त्यांचे, एकसारख्या घरांचे नवे गावठाणच उभे राहणार.

या साऱ्यांत सर्वांत उशिरा आलेले व सर्वांत अवघड क्रियापद म्हणजे ‘स्क्रीन करणे’. इंग्रजीत ते पडद्याइतकेच चाळणीशीही संबंधित आहे. खडी, कोळसा चाळण्याच्या जाळीला तेच नाव. स्पर्धा परीक्षांच्या जगात आपण ‘चाळणी परीक्षा’ म्हणतोच. वैद्यकात मात्र आपण ‘तपासणी’ म्हणून वेळ मारून नेली, आणि तेथेच घोटाळा झाला. कारण तपासायचे ते दुखणाऱ्याला, आणि चाळायचे ते न दुखणाऱ्यांना. अंगात काही होत नसलेल्या बाईला तपासायला बोलाविले, तर ‘मला काय झालंय?’ हा तिचा प्रश्न व्याकरणदृष्ट्या बिनतोड आहे.

हा प्रश्न या जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला असला पाहिजे. गर्भाशयमुखाचा कर्करोग उघड होण्यापूर्वी कित्येक वर्षे त्या जागेच्या पेशींत बदल होत राहतात, त्यांच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, आणि त्या अवधीत बदल सापडला तर साध्या उपचाराने पुढचे संकट टळते, हे माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की गरीब ग्रामीण मुलखात कोणती चाळणी खरोखर मृत्यू कमी करते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ऑक्टोबर १९९९पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. एका विभागात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात काचपट्टीवर पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून विकृत भाग पांढरा पडतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्यात काहीच नाही, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी झाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाला. विषाणूचाचणीच्या विभागातील ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले होते, चाळणी न लावलेल्या विभागातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. बळावलेल्या अवस्थेतील कर्करोग पहिल्यांत ३९, दुसऱ्यांत ८२. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन चाचण्यांनी या अभ्यासात तसा ठळक फरक पडला नाही. विषाणूचाचणीला जगभर आज जे अग्रस्थान आहे, त्याच्या भक्कम आधारांपैकी एक आधार उस्मानाबादच्या खेड्यांतला आहे, ही गोष्ट जिल्ह्यातल्याही फारच थोड्यांना ठाऊक असते.

चौथ्या विभागाविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. त्या स्त्रियांना रोगाची व उपलब्ध सोयीची माहिती देण्यात आली. त्यांची चाळणी झाली नाही. अशा विभागाला संशोधनाच्या इंग्रजीत ‘प्रचलित केअर’ देण्यात आली असे म्हणतात. जेथे प्रचलित असे काहीच नव्हते तेथे केअर हा शब्द किती लवचीक होतो, ते पाहण्याजोगे आहे. इलाज ठाऊक असताना तो काहींना न देणे न्याय्य होते काय, यावर पुढे जाहीर वाद झाला. तुलनेवाचून खात्री नाही आणि खात्रीवाचून सरकार खर्च करीत नाही, हे मान्य करूनही, त्या ६४ घरांना हा युक्तिवाद ऐकविण्याची जबाबदारी माझ्यावर आली तर मला ती पेलणार नाही.

उपचाराची क्रियापदे अशी एकेक करून बाहेरून आली, प्रत्येक आपापल्या करणाऱ्याबरोबर आले: देवीच्या डॉक्टराबरोबर काढणे, खाजगी दवाखान्याबरोबर चढवणे, रुग्णवाहिकेबरोबर रेफर करणे. शुश्रूषेची क्रियापदे मात्र घरचीच राहिली, कारण त्यांचा करणारा बदलला नाही. इंग्रजीतल्या ‘नर्स’च्या मुळाशी अंगावर पाजणारी दाई आहे व लॅटिनमधला पोसणे हा धातू आहे, आपण ते नाम घेतले, क्रियापद घेतले नाही, कारण आपल्याकडे त्याच्या जागी प्रयोजकांची एक संपूर्ण फौज होती. खाणाऱ्याला भरवणे, पिणाऱ्याला पाजणे, निजणाऱ्याला निजवणे, उठणाऱ्याला उठवणे, बसणाऱ्याला बसवणे, न्हाणाऱ्याला न्हाऊ घालणे: रोग्याची प्रत्येक क्रिया दुसऱ्याने आपल्या अंगावर घ्यायची, एवढेच या प्रयोजकाचे काम. सरकारी रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात दुपारी चक्कर टाकली, तर सुई देणारी, नाडी मोजणारी सिस्टर एक आणि खाटेखाली डबा, तांब्या, वाकळ घेऊन बसलेल्या सासवा, सुना, लेकी अनेक, असे दृश्य दिसते. केसपेपरवर सिस्टरच्या क्रिया वेळेसह नोंदविलेल्या असतात, सुनांच्या क्रियांना तेथे रकाना नाही.

या दोन फळ्यांच्या मध्ये एक पायवाट पाडण्याचा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. क्रांती रायमाने यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या, बेताच्या शिक्षणाच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. २००५पासून देशभर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीची कल्पना त्याच जातीची. तोलणे, मोजणे, टिपणे, औषध देणे ही दवाखान्याची क्रियापदे पाजणाऱ्या-भरवणाऱ्या बाईच्या हाती आली, आणि तिला घरोघर ‘मावशी’, ‘अक्का’ म्हणून आधीच प्रवेश असल्यामुळे, निरोगी बाईला तपासायला का यायचे हेही तिला तिच्या भाषेत समजावता आले.

धाराशिवात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आहे. अखिल भारतीय कोट्यातून तेथे येणाऱ्या परप्रांतीय विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या आरंभीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषेची तोंडओळख करून घ्यावी लागते. त्याच्या पुस्तकातली सारी क्रियापदे इंग्रजी असतील. पण बाह्यरुग्ण विभागात एखादी म्हातारी ‘तोंड आलंय, दोन दिस झाले, घास उतरंना’ असे म्हणेल, तेव्हा आलेले तोंड कोठून आले, हे त्याला शेजारी उभ्या असलेल्या वॉर्डमावशीलाच विचारावे लागेल.